सक्शन घेताना मीटरचा काटा नको, हवा किती ओढतंय ते बघा

प्रश्न: मॅडम, मी बार्शीत दीड वर्षापूर्वी स्वतःचं दातांचं क्लिनिक टाकलं, दोन चेअर आहेत. चेअरसोबत आलेलं, तोंडातलं पाणी आणि लाळ ओढणारं एअर व्हेंच्युरीचं (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं) सक्शन आता फारच मंद झालंय, स्केलिंग (दातांवरचा कडक थर काढणं) करताना पेशंटला सारखं उठून थुंकावं लागतं. डीलर म्हणतो ७०० एमएमएचजीचं (पाऱ्याचे मिलीमीटर, ओढ मोजायचं एकक) मोटराइज्ड सक्शन घ्या, सगळं सुटेल. माझे एक सीनियर म्हणतात सेंट्रलच (सगळ्या चेअरना मिळून एकच मोठा पंप) टाक, लोन काढ. दुपारनंतर क्लिनिकमध्ये वास येतो, पावसाळ्यात जास्तच. मदतीला एक मावशी आहेत, त्या रोज संध्याकाळी सक्शनच्या पाइपमध्ये फिनाइलचं पाणी सोडतात. काय घेऊ, आणि घेतलेलं टिकवू कसं?

प्रिय डॉक्टर,

पत्र वाचताना मी त्या थुंकण्याच्या वाक्यापाशीच थांबले. पेशंट उठून थुंकतोय म्हणजे तोंडातलं पाणी बाहेर येत नाहीये हे तर झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे अल्ट्रासॉनिक स्केलरमधून जो बारीक फवारा उडतो तो सगळा तुमच्या आणि मावशींच्या नाकात जातोय, खोलीत तरंगत राहतोय आणि पुढच्या पेशंटलाही मिळतोय. पाणी निदान दिसतं तरी, फवारा दिसत नाही. म्हणून सक्शन ही पेशंटच्या सोयीची वस्तू आहे असं मी मानत नाही, माझ्या हिशोबात ते ऑटोक्लेव्हच्या (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) जोडीला बसणारं यंत्र आहे, आणि त्याच्यावर खर्च करायला तुम्ही तयार आहात हे वाचून खरंच बरं वाटलं. फक्त खर्च योग्य जागी व्हावा एवढ्यासाठी हे लांबलचक उत्तर.

आधी त्या ७०० एमएमएचजीचं बघू, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. सक्शनचे आकडे दोन असतात. एक व्हॅक्यूम, म्हणजे ओढ किती जोराची आहे, हा मीटरच्या काट्यावर दिसतो. दुसरा फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा टिपमधून (तोंडात धरायच्या नळीच्या टोकातून) आत जाते, आणि हा काट्यावर दिसत नाही. डीलर पहिला आकडा सांगतो कारण तो मोठा असतो आणि टिपवर बोट ठेवलं की काटा झरकन वर जातो, बघणाऱ्याला वाटतं वा काय ताकद आहे. पण बोट ठेवलं की हवा जायचीच बंद होते, म्हणजे त्या वेळी फ्लो शून्य असतो! तुमचं काम तर बोट काढल्यावर सुरू होणार. घरातला व्हॅक्यूम क्लीनर घ्या, त्याला मीटर लावला तर काटा दीडशेच्या आसपास थांबेल, पण हवा मिनिटाला हजार लिटरच्या वर खेचतो म्हणून तो सोफ्याची धूळ लांबूनही ओढून घेतो. फवारा पकडायचा तर नेमकं असंच यंत्र लागतं, ओढ मध्यम आणि हवा भरपूर.

दातांच्या कामासाठी म्हणून जे खास पंप बनतात, जर्मनीच्या ड्यूर डेंटलचे किंवा इटलीच्या कॅटानीचे घ्या, त्यांचा व्हॅक्यूम साधारण १०० ते २०० एमएमएचजीच्या मधेच असतो, मुद्दाम कमी ठेवलेला. पण टिपपाशी मिनिटाला २५० लिटरच्या वर हवा जाते, आणि आंतरराष्ट्रीय मानकात हाय फ्लो म्हणतात ते याच २५० लिटरपासून पुढे. डीलर दाखवतोय ते मशीन माझ्या अंदाजाने सर्जिकल सक्शन आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये असतं तसं, ७०० चा व्हॅक्यूम आणि फ्लो २० ते ७० लिटरच्या घरात. ते मशीन वाईट नाहीये हं. डिसइम्पॅक्शनला (अडकलेली अक्कलदाढ काढायला), सॉकेटमधलं (काढलेल्या दाताच्या खड्ड्यातलं) रक्त काढायला, बारीक मेटल कॅन्युला (नळी) लावून फ्लॅपखाली (उचललेल्या हिरडीखाली) काम करायला तेच लागतं. पण स्केलिंगचा आणि एअरोटरचा (दात कोरायच्या हवेवरच्या ड्रिलचा) फवारा त्याने पकडला जाणार नाही, आणि जाड टिप लावून ते गालाशी नेलं तर गाल नाहीतर जीभ आत ओढली जाते, तिथे रक्त साकळतं.

अजून एक. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० एमएमएचजी असतो, बार्शी पाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे म्हणजे तुमच्याकडे तो ७१५ च्या आसपासच. त्यापेक्षा जास्त व्हॅक्यूम तिथे कुठलंच मशीन देऊ शकत नाही. तेव्हा कोणी ७५० ची गॅरंटी द्यायला लागला तर त्याला फ्लोचा आकडा विचारा, आणि तो पंपाच्या तोंडाशी मोजलेला नको, पाइप आणि टिप लावून टिपपाशी किती मिळतो तो, आणि लेखी द्या म्हणावं.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २००४ साली एक आढावा आला होता, त्यात हाय व्हॉल्यूम (म्हणजे हेच हाय फ्लो) सक्शन नीट वापरलं तर कामाच्या जागेवरून उडणारा फवारा ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो असं म्हटलंय. त्यातच हाय व्हॉल्यूमची ओळखही दिलीये की टिपचं तोंड साधारण ८ मिलीमीटर किंवा त्याहून मोठं हवं. म्हणजे आपला तो वाकवता येणारा, आत तार असलेला सलायव्हा इजेक्टर कितीही भारी मशीनला जोडला तरी हाय व्हॉल्यूम होत नाही, त्याचं भोकच बारीक. तो तोंडात साचलेली लाळ काढायला ठीक. आणि सलायव्हा इजेक्टरवर पेशंटला "तोंड बंद करा" असं सांगायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. ओठ घट्ट मिटले की क्षणभर तोंडातला दाब पाइपमधल्यापेक्षा कमी होऊ शकतो आणि पाइपमधलं आधीच्या पेशंटचं पाणी उलटं तोंडात येऊ शकतं. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोगनियंत्रण संस्था) २००३ च्या गाइडलाइन्समध्ये हे स्पष्ट लिहिलंय, तरी अजून कितीतरी ठिकाणी पेशंटला ओठ मिटायला लावतात.

आता तुमचं आहे ते सक्शन. नवीन काहीही घेण्याआधी एक संध्याकाळ याला द्या, कारण दीड वर्षात व्हेंच्युरी मरत नाही, ती तुंबते. व्हेंच्युरीत मोटर नसते, कॉम्प्रेसरची हवा एका बारीक नोझलमधून जोरात सोडतात आणि तिच्या वेगामुळे शेजारच्या पाइपमध्ये ओढ तयार होते. बिघडायला त्यात फारसं काही नाही, पण नोझल बारीक असल्यामुळे कॉम्प्रेसरचं पाणी, गंज, क्षार असं काहीही तिथे अडकलं की संपलं. शिवाय ती हवा प्रचंड खाते. एअरोटर आणि सक्शन एकदम सुरू केलं की चेअरवरच्या गेजचा काटा बघा, खाली बसला तर दोष सक्शनचा नाहीये, कॉम्प्रेसर पुरत नाहीये. दोन चेअर आणि एक छोटा कॉम्प्रेसर असेल तर हे होणारच, आणि मग एअरोटरचाही टॉर्क जातो, बर (एअरोटरचं कोरायचं टोक) अडकतो, वेळ वाढतो, आणि आपण हँडपीसला दोष देत बसतो.

तपासताना टिपकडून सुरू करा आणि मागे मागे जा. टिप काढा, हँडलच्या तोंडाशी ओला तळवा लावा. ओढ चांगली असेल तर टिपच तुंबलीये. नसेल तर हँडलचा तो सरकवायचा किंवा फिरवायचा व्हॉल्व्ह खोलून बघा, त्याच्या आत अल्जिनेट (दातांचा ठसा घ्यायचा लगदा), प्रॉफी पेस्ट (दात पॉलिश करायची), रक्ताच्या गुठळ्या असं सगळं घट्ट बसलेलं असतं, आणि ओ-रिंग (रबराची कडी) वाळलेली असते. मग पाइप चेअरच्या बाजूने सोडवा आणि तिथे हात लावा. तिथे ओढ जोरात आणि हँडलपाशी मंद, म्हणजे पाइप आतून चोंदलाय नाहीतर कुठेतरी चिरलाय. तिथेही मंद असेल तर स्पिटूनच्या (थुंकायच्या भांड्याच्या) खाली किंवा चेअरच्या बाजूच्या डब्यात एक जाळी असते ती काढा. बार्शी-सोलापूरकडे मावा खाणारे पेशंट किती येतात ते तुम्हाला सांगायला नको, त्यांचं स्केलिंग झालं की सुपारीचे कण आणि कॅल्क्युलसचे (दातांवरच्या कडक थराचे) तुकडे त्या जाळीवर थर धरतात, आणि मला खात्री आहे की इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाने ती जाळी कुठे आहे हे तुम्हाला दाखवलंच नसेल. जाळीही साफ निघाली तरच इंजिनियरला बोलवा आणि व्हेंच्युरीचं नोझल साफ करून घ्या, आणि तो आलाच आहे तर हवेच्या लाइनमधला फिल्टर बदलून घ्या. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक रोज संध्याकाळी उघडून पाणी काढायचं, यात खाडा नको.

हे सगळं केल्यावर एक लिटर पाणी एका भांड्यात घ्या, ते ओढायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि जाळीशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दर सोमवारी सकाळी तेच भांडं, तेवढंच पाणी, तीच टिप. याने फ्लोचा खरा आकडा कळणार नाही, तो मोजायचा असेल तर त्याचं वेगळं फ्लो मीटर मिळतं, पण आपलं सक्शन आपल्याच मागच्या आठवड्यापेक्षा मंद झालं का हे मात्र लगेच कळतं, पेशंटने उठून थुंकायची वेळ येत नाही.

साफ करूनही व्हेंच्युरी स्केलिंगला कमीच पडली, आणि दोन चेअरला ती पडेलच असं मला वाटतं, तर मग काय घ्यायचं. तुमचे सीनियर चुकीचं सांगत नाहीयेत, सेंट्रल हे चांगलंच आहे, पण ते कोणासाठी हे बघायला हवं. चार-पाच चेअर आहेत, एकाच वेळी तिघे-चौघे काम करताहेत, जागा स्वतःची आहे, खाली किंवा मागे पंपासाठी वेगळी खोली आहे, तर बिनधास्त घ्या, लाखांत जातं पण वसूल होतं. तुम्ही एकट्या काम करताय, दुसरी चेअर बहुतेक वेळ रिकामी, गाळा भाड्याचा आहे की स्वतःचा ते तुम्ही लिहिलं नाहीत. भाड्याचा असेल तर टाइल्सखाली पाइप टाकून ते मालकाला सोडून जायचं याला काही अर्थ नाही. तुमच्यासाठी एक किंवा दोन चेअरसाठीचा छोटा डेंटल सक्शन पंप, हाय फ्लोचा, बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा मागच्या बाजूला पत्र्याखाली ठेवलेला, हे पुरेसं आहे. आणि सर्जरी करत असाल तर सोबत एक साधं जारवालं सर्जिकल सक्शन, हो, डीलर दाखवतोय तेच, पण लहान आणि दुसऱ्या नंबरवर.

पंपाचे दोन प्रकार डीलरच्या तोंडी येतील, वेट आणि ड्राय. वेटमध्ये पाणी आणि हवा दोन्ही पंपातूनच जातात, ड्रायमध्ये पंपाच्या आधी एका टाकीत पाणी वेगळं होतं आणि पंपात फक्त हवा जाते. वेटमधले वॉटर रिंगवाले काही पंप चालताना सतत नळाचं पाणी घेतात, आणि बार्शीत उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्ही जाणता, शिवाय बोअरचं पाणी असेल तर क्षार पंपाच्या आत बसतात. तेव्हा पाणी न लागणारा घ्या, आणि हा प्रश्न डीलरला सरळ विचारा, "याला चालताना पाणी लागतं का?" एक्झॉस्टचंही बघा. पंप जी हवा बाहेर टाकतो ती तोंडातून ओढलेली असते, ती इमारतीच्या बाहेर, खिडकीपासून लांब सोडायची आणि तिला बॅक्टेरियल फिल्टर हवा. जागा वाचवायची म्हणून कॉम्प्रेसर आणि सक्शन पंप एकाच छोट्या बंद खोलीत ठेवतात आणि एक्झॉस्टही तिथेच सोडतात, म्हणजे तोंडातून काढलेली हवा कॉम्प्रेसर परत घेतो आणि एअरोटरमधून पुढच्या पेशंटच्या तोंडात सोडतो. हे अजिबात करू देऊ नका, इन्स्टॉलेशनवाला कितीही "काही होत नाही मॅडम" म्हणाला तरी.

पाइपिंग करताना प्लंबरच्या डोक्यावर उभं राहा. आतून गुळगुळीत पीव्हीसी पाइप, पंपाच्या दिशेने मीटरमागे सेंटिमीटरभर तरी उतार, आणि काटकोनातले एल्बो नकोत, त्याऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड जोडायचे, कारण काटकोनात गाळ बसतो आणि हवेचा वेगही मारला जातो. पंप चेअरच्या जितका जवळ तितका बरा. चेअरपाशी जो लवचिक पाइप असतो तो लागतो तेवढाच ठेवा, जास्तीचा गुंडाळून ठेवलात की प्रत्येक वळणात पाणी साचतं.

विजेचं विसरू नका. मोटर सुरू होताना चालतानाच्या कितीतरी पट करंट घेते, म्हणून साध्या इन्व्हर्टरवर ती उचलतच नाही, आणि व्होल्टेज १८० च्या खाली गेलं असताना तुम्ही ती ताणत राहिलात तर वाइंडिंग जळतं. स्टॅबिलायझर मोटरच्या रेटिंगपेक्षा बराच वरचा घ्या, वेगळा एमसीबी लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. लाइट गेल्यावर काय करायचं याचा विचारही आत्ताच करून ठेवा. फ्लॅप उघडलेला आहे आणि सक्शन बंद पडलं तर ते छोटं सर्जिकल सक्शन बॅटरीवर चालणारं असलं तर हायसं वाटतं, घेताना तसं मॉडेल बघा.

ब्रँडची नावं मी सांगणार नाही, भारतात बनणारे चांगले पंपही आता मिळतात. माझ्यासाठी निवडीचा मोठा मुद्दा हा की तो पंप बंद पडला तर सोलापूरहून किंवा पुण्याहून माणूस किती दिवसांत येतो आणि सुटे भाग त्याच्याकडे असतात की ऑर्डर द्यावी लागते. त्या डीलरने दोन-तीन वर्षांपूर्वी मशीन दिलेल्या एखाद्या डॉक्टरला स्वतः फोन करा, डीलरने दिलेल्या नंबरवर नको, तुमच्या ओळखीतून शोधा. डेमो तुमच्या चेअरवर, तुमच्या पाइपला लावूनच घ्या, आणि सलग अर्धा तास चालवून मोटरच्या बॉडीला हात लावून बघा. काही मोटरी सलग चालण्यासाठी बनलेल्याच नसतात, पाच-दहा मिनिटांनी थांबवाव्या लागतात, हे ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतं.

कोविडमुळे २०२०-२१ मध्ये अनेकांनी तोंडाबाहेर धरायची ती मोठ्या सोंडेची एक्स्ट्राओरल सक्शन घेतली आणि आता ती स्वस्तात विकायला निघालीयेत, तुम्हालाही कोणी विचारेल. तोंडातल्या हाय व्हॉल्यूमची जागा ती घेत नाही, फार तर सोबत चालते. आणि जुनी घेतलीत तर आतला हेपा फिल्टर नवीन घालावा लागणार, त्याची किंमत आधी विचारा. मी तुमच्या जागी असते तर ते पैसे पंपात घातले असते.

मशीन कितीही चांगलं असू दे, टिप कुठे धरली आहे यावर निम्मं काम असतं. मावशींना एक दुपार शिकवा. टिप स्केलरच्या किंवा बरच्या टोकापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर, तिरपं कापलेलं तोंड दाताच्या पृष्ठभागाला समांतर, आणि तुम्ही पाणी सुरू करायच्या आधी टिप जागेवर आलेली हवी. मऊ टाळ्याला आणि घशाकडे टेकवायची नाही, पेशंटला उमासा येतो. मावशी शिकतील, पण त्यांना मास्क आणि चष्मा द्या, फवाऱ्याच्या सगळ्यात जवळ त्या असतात. त्या सुट्टीवर असतील त्या दिवशी एका हाताने मिरर आणि टिप दोन्ही सांभाळणं अवघड जातं, त्यासाठी सक्शनला जोडलेले मिरर मिळतात, आणि शक्य त्या आरसीटीला (रूट कॅनालला) रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचं रबराचं पान) लावाच, डॅममुळे लाळेचा प्रश्नच बराचसा संपतो.

आता फिनाइल. ते बंद करा, आजच. फिनाइल फरशीसाठी असतं, त्याचा फेस होतो आणि फेस जाळी, फ्लोट सगळं ओलांडून पंपापर्यंत जातो, रबर खराब होतं ते वेगळंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पेशंटच्या जिभेला तो वास लागतो. कपड्यांचा साबण, भांड्यांचं लिक्विड हेही नको, तेच कारण. हायपोही (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) पाइपमधून ओढायचं नाही, धातूचे भाग गंजतात. सक्शनसाठी म्हणून बिनफेसाचं एन्झाइम क्लीनर किंवा डिसइन्फेक्टंट मिळतं, ओरोटोलसारखं, महाग वाटतं पण पाण्यात बरंच पातळ करून वापरायचं असतं, बाटली पुरते. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं तेवढंच, अंदाजे झाकणभर नाही.

रोजचं असं ठेवा. प्रत्येक पेशंटनंतर टिप बदलायची आणि एक ग्लासभर थंड पाणी ओढायचं, ओढताना टिप मधेमधे पाण्याबाहेर काढायची म्हणजे हवा आणि पाणी मिळून पाइपच्या भिंती घासल्या जातात, नुसतं सलग पाणी ओढलं तर तेवढं साफ होत नाही. पाणी थंडच हवं, गरम पाण्याने रक्त पाइपमध्येच गोठून चिकटतं. सर्जरीच्या मधेही थोड्या थोड्या वेळाने सलाइन ओढत राहा आणि कॅन्युलात घालायची तार हाताशी ठेवा, हाडाचा कण अडकला की शोधाशोध नको. अल्जिनेटचं किंवा प्रॉफी पेस्टचं काम झालं की लगेच पाणी, वाळू द्यायचं नाही. संध्याकाळी शेवटच्या पेशंटनंतर आधी साधं पाणी, मग क्लीनरचं द्रावण दोन्ही पाइपमधून, जाड टिपच्याही आणि सलायव्हा इजेक्टरच्याही, आणि त्या दिवशी वापरली नसेल तरी दुसऱ्या चेअरलाही, कारण न वापरलेल्या पाइपमध्येच घाण जास्त धरते. द्रावण रात्रभर आत राहू द्यायचं की धुऊन काढायचं हे बाटलीवर असतं तसं. जाळी रोज संध्याकाळी, ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालून. ओ-रिंगला महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलिन नाही, व्हॅसलिनने काही रबर फुगतात.

जारवाल्या मशीनचा जार दोन तृतीयांशच्या वर भरू द्यायचा नाही. त्यातलं रक्तमिश्रित पाणी तसंच बेसिनमध्ये ओतायचं नाही, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांनुसार आधी निर्जंतुक करावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या ५ टक्के हायपोचा एक भाग आणि जारमधल्या पाण्याचे चार भाग, म्हणजे १ टक्का होतं, अर्धा तास ठेवा आणि मग ओता. हे जार मशीनपासून सोडवल्यावर करायचं, हायपो मशीनमध्ये जाता कामा नये. प्लास्टिकचा जार स्पिरिटने पुसू नका, त्याला बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांतून हवा गळते. जार आणि पंपाच्या मधे जो गोल फिल्टर असतो तो एकदा ओला झाला की हवा जायची थांबते, तो सुकवून परत लावायचा नसतो, बदलायचा. आणि कधी पाणी चुकून पंपात गेलंच तर मशीन लगेच बंद. "चालवून सुकवू" म्हणून चालवत राहिलं की आत गंज धरतो, मग दुरुस्ती नव्या मशीनच्या किमतीजवळ जाते. ऑइलवाला पंप असेल तर ऑइलची काच बघत जा, दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय.

वापरलेले सलायव्हा इजेक्टर लाल पिशवीत. धुऊन परत वापरणारे अजून आहेत, त्याची आतली पोकळी साफ होत नाही आणि ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकतही नाहीत. एका इजेक्टरला फार पैसे पडत नाहीत, ते पेशंटच्या बिलात धरा.

जुनी चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं अ‍ॅमलगमचं फिलिंग, काढताना मात्र वेगळी काळजी. नवीन अ‍ॅमलगम तुम्ही भरत नसाल, पण जुनं काढून कॉम्पोझिट करायला लोक येतातच, आणि त्याचे कण जाळीत येतात. त्या दिवशी जाळीतला गाळ लाल पिशवीत टाकायचा नाही, जाळीला ऑटोक्लेव्ह दाखवायचा नाही, तापलं की पारा हवेत जातो. झाकणाच्या बाटलीत वेगळा साठवा आणि तुमच्या बायोमेडिकल वेस्टवाल्या एजन्सीला त्याचं काय करायचं ते विचारून द्या. ब्लीच नको म्हणायचं अजून एक कारण हेच, पाइपमध्ये चिकटलेल्या कणांतून ते पारा सोडवतं आणि तो गटारात जातो. अमेरिकेत तर २०१७ च्या नियमात असे ऑक्सिडायझिंग किंवा अ‍ॅसिड क्लीनर सक्शन लाइनला वापरायलाच बंदी आहे. नवीन पंप घेताना बजेट असेल तर अ‍ॅमलगम सेपरेटर पुढे जोडता येईल अशी जागा तरी ठेवून घ्या.

वासाचं राहिलं. तुमच्याकडे तो दुपारनंतर येतो म्हणजे सकाळपासूनचं जाळीत आणि जारमध्ये साचलेलं तापतंय, दुपारच्या सुट्टीत एकदा जाळी आणि जार साफ करून बघा, बहुतेक तिथेच सुटेल. नाहीच सुटला तर स्पिटूनचा ड्रेन बघा, तिथे यू आकाराच्या वळणात पाणी साचून राहायला हवं, ते वळण बसवलंच नसेल किंवा दुसऱ्या चेअरचं न वापरून सुकलं असेल तर गटाराचा वास सरळ वर येतो. दुसऱ्या स्पिटूनमध्ये रोज तांब्याभर पाणी ओतायला मावशींना सांगा. रूम फ्रेशनर मारून वास झाकू नका, तो वास तुम्हाला जागा दाखवतोय.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात जाळी, व्हॉल्व्ह, ओ-रिंग, नोझल, आणि ते लिटरभर पाण्याचं मोजमाप. पुढचा महिनाभर संध्याकाळची नवीन पद्धत. त्यानंतरही सक्शन स्केलिंगला कमी पडलं तर छोटा हाय फ्लो पंप, फ्लोचा लेखी आकडा घेऊन. व्हेंच्युरी काढून टाकू नका, ती दुसऱ्या चेअरला सलायव्हा इजेक्टरपुरती राहू दे, पंप दुरुस्तीला गेला तर दोन दिवस तीच कामाला येईल. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेताना त्यात व्हिजिट किती, फिल्टर आणि वेन (पंपातली पाती) धरलेत की वेगळे, आणि किती तासांत माणूस येणार हे लिहून घ्या. डीलरने आकडे दिले की मला पाठवा, टिपपाशी किती लिटर म्हणतोय ते बघून सांगते.